पळायला जागा हवी

फुटबॉलमध्ये गोल होण्याआधीच्या क्षणी खेळाडू नेमकं काय करतो, हे जर्मन बुंदेसलिगाच्या चित्रफिती बघून अभ्यासकांनी तपासलं होतं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 360 गोल पाहिले गेले. गोल मारणाऱ्याची सगळ्यांत जास्त वेळा दिसलेली हालचाल होती सरळ रेषेतली वेगवान धाव, 45 टक्के गोलांच्या आधी. वळण, उडी, चकवा हे सगळं तिच्या मागे. शिवाय त्यातल्या बहुतेक धावा पायात बॉल नसताना घेतलेल्या होत्या.

हा आकडा वाचल्यापासून मुलांचा सराव बघताना मी एकच गोष्ट शोधत असतो. या तासाभरात कुठलं पोर जीव तोडून, सरळ, पूर्ण वेगानं पळालं का?

हे बघायला कोल्हापूरसारखी जागा नाही. इथे फुटबॉल पेठेपेठेत मुरलेला आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं तालमींची आणि संघही त्याच नावांचे. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची गाठ पडली की घराघरांतून माणूस बाहेर पडतो. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. स्टेडियमवरच्या त्या गर्दीमागे सकाळी साडेसहाला मातीच्या मैदानावर सुरू होणारा पोरांचा सराव असतो. बारा ते पंधरा वयाच्या मुलामुलींचा असा एक सराव मी बरेच दिवस रेषेबाहेर उभा राहून बघतोय.

मुख्य सराव बहुधा छोट्या गेमनं सुरू होतो. तीस मीटर लांब, वीस मीटर रुंद चौकोन, चार कोपऱ्यांत कोन, चारास चार. दगड मांडून केलेले छोटे गोल, कीपर नाही. शिट्टी वाजली की धुरळा उठतो. मी एका मुलावर नजर ठेवली. शिडशिडीत, डाव्या पायाचा, वर्गात सगळ्यांत वेगवान म्हणून मित्रांत नाव असलेला. बॉल आला, त्यानं तळव्यानं ओढला, अंगावरून काढला, पास दिला आणि निघाला. चार पावलं पडली, पाचव्याला टाच रोवून थांबला, कारण समोर रेषाच आली. वळला, पुन्हा तीन पावलं, पुन्हा ब्रेक. गेम संपला तेव्हा तो गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता, शर्ट अंगाला चिकटला होता. खच्चून मेहनत झाली होती. पण त्या गेममध्ये पूर्ण वेगानं तो एकदाही पळाला नव्हता.

छोट्या गेमची निंदा करायला मी हे लिहीत नाही. मुलांच्या शिकण्यासाठी इतकी चांगली गोष्ट दुसरी नाही. अकरास अकरामध्ये विंगवरच्या पोराला पाच-पाच मिनिटं बॉल दिसत नाही. इथे तो दर काही सेकंदांनी पायात येतो. कधी द्यायचा, कधी ठेवायचा, अंगाची कुठली बाजू पुढे करायची, हे सांगून कळत नाही, अशा गर्दीतच कळतं. चारास चार खेळताना हृदयाचे ठोके कमाल ठोक्यांच्या 85 ते 90 टक्क्यांपर्यंत जातात, म्हणजे दमसास आपोआप वाढतो. झटकन निघणं आणि झटकन थांबणं याचा सरावही भरपूर होतो. आणि मुलं हसत खेळतात, हे मी सगळ्यांत वर ठेवीन.

कमी पडते ती जागा. हिशेब सोपा आहे. 105 बाय 68 मीटरचं पूर्ण मैदान बावीस जणांत वाटलं, तर एकाच्या वाट्याला सुमारे 325 चौरस मीटर येतात. तीस बाय वीसच्या चौकोनात आठ जण खेळले, तर 75. चौदा वर्षांच्या चपळ मुलाला उभ्या जागेवरून पूर्ण वेगाला पोचायला पंचवीस ते पस्तीस मीटर लागतात. 2009 साली बर्लिनला 9.58 सेकंदांत शंभर मीटर पळालेल्या उसेन बोल्टचाही सर्वांत जास्त वेग साठ ते ऐंशी मीटरच्या टप्प्यात होता. बोळात गाडी चौथ्या गिअरमध्ये पडत नाही, तसंच हे आहे. गाडीत दोष नसतो, रस्ताच तेवढा नसतो.

दुसरी अडचण लांबीइतकी सहज दिसत नाही. खऱ्या सामन्यात लांब धाव कुठे मिळते? विरोधी बॅकच्या पाठीमागे. बॅक पुढे सरकलेले असतात, त्यांच्या आणि कीपरच्या मध्ये मोकळं रान असतं, तिथे थ्रू पास पडतो आणि विंगर सुटतो. छोट्या गेममध्ये ऑफसाइड नसतो, बॅक गोलच्या तोंडाशी उभा असतो. त्याच्या पाठीमागे काही उरतच नाही. त्या डावखुऱ्या मुलाला सराव घेणाऱ्या सरांनी बाहेरून हाक दिली, "मागनं पळ की, थांबलास कशाला?" तो वळून म्हणाला, "सर, जागाच न्हाई!"

सरांनी पुढच्या गेमला कोन उचलले आणि चौकोनाचा आकार बदलला. लांबी साठ मीटर, रुंदी पंचवीस. दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा मीटरवर चुन्याची आडवी रेघ. खेळाडू तेच आठ. नियम दोन. रेघेपलीकडच्या पट्ट्यात आधीपासून कुणी उभं राहायचं नाही, हल्ला करणाऱ्यानंही नाही आणि बॅकनंही नाही. आणि गोल धरायचा तो पट्ट्यात धावत जाऊन बॉल घेतला तरच. एका जणाच्या वाट्याला आता सुमारे 188 चौरस मीटर आले होते. पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बॅकच्या पाठीमागे रान तयार झालं होतं.

पहिली दोन मिनिटं जुन्या सवयीनं गेली, पायात पास, वळ, पुन्हा पास. मग एका मुलीनं बॉल पायात अडवला, मान वर केली आणि पट्ट्यात सरळ ढकलला. डावखुरा आपल्याच अर्ध्यातून सुटला. मी नेमका त्याच्या बाजूच्या रेषेवर होतो. पहिली तीन-चार पावलं तो पुढे झुकलेला, नजर जमिनीकडे, पाऊल शरीराच्या मागे ढकलणारं, माती मागे उडतेय. नंतर छाती हळूहळू वर आली, पावलं लांबली, गुडघे उंच यायला लागले, हात कानशिलापासून कमरेपर्यंत मोकळे चालले. शेवटच्या दहा मीटरना चवड्यांचा आवाज बदलला, धपधप जाऊन टपटप झाली. दोन हात मागून निघालेला बॅकही त्याच्यामागे तेवढ्याच त्वेषानं आला, कारण पाठलाग आपोआप लागला होता. बॉलला स्पर्श झाला तेव्हा दोघंही तीस मीटर सलग पळालेले होते. "आत्ता कसं!" एवढंच सर म्हणाले.

या गेममध्ये बॅकही तेवढाच शिकतो, हे मला फार मोलाचं वाटतं. अंगावरून माणूस गेला की हात टेकून ओरडणारी बॅकची पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. इथे त्यांना वळून पळावं लागतं, कारण पळालं तर पोचता येतं.

आता विश्रांतीविषयी, कारण बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो. पूर्ण वेगाच्या धावेला लागणारी तयार ऊर्जा स्नायूंत फार थोडी असते. क्रिएटिन फॉस्फेटचा तो साठा काही सेकंदांत उतरतो, निम्मा परत भरायला साधारण अर्धं मिनिट लागतं आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. दम भरून यायच्या आत पुन्हा पळवलं, की मूल पळतं, पण मंद पळतं. तो दमसासाचा व्यायाम होतो, वेगाचा होत नाही. सर गेम तीन मिनिटांचा ठेवतात आणि तितकाच वेळ पाणी आणि गप्पांना देतात. त्याआधी, वॉर्म-अप झाल्या झाल्या, पाय ताजे असताना दोघादोघांच्या शर्यती होतात. पोटावर झोपायचं, सरांनी बॉल लांब फेकला की उठून धाव, जो आधी पोचेल त्यानं गोलवर मारायचं. प्रत्येकाला चार-पाच वेळा, मध्ये दीड-दोन मिनिटं. एखाद्याची मान हलायला लागली, पाऊल शरीराच्या फार पुढे पडायला लागलं, की सर त्याला तिथेच थांबवतात. "दम खा." त्या दिवशी त्याचं तेवढं पुरे असतं.

पूर्ण वेगाचा सराव दुखापतीच्या भीतीनं टाळणारे पालक मला भेटतात. त्यांची काळजी मी समजतो. पण मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग स्नायू बहुतेक वेळा वेगात पळतानाच दुखावतो, आणि ज्या स्नायूनं आठवडाभर तो वेग पाहिलेलाच नाही, त्याच्यावर रविवारच्या सामन्यात एकदम भार पडतो. थोड्या प्रमाणात, नेमानं आणि ताज्या पायांनी घेतलेली वेगवान धाव हीच त्याची तयारी आहे. सोबत नीट वॉर्म-अप हवा. फिफाचा ‘11+’ हा वीस मिनिटांचा कार्यक्रम त्यासाठीच आहे. त्यात धावणं, मांडी-पोटाची ताकद, तोल, उडी मारून नीट उतरणं हे सगळं येतं आणि बॉल आणि कोनांशिवाय कसलंही साहित्य लागत नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात 13 ते 17 वयाच्या मुलींच्या ज्या संघांनी तो केला, त्यांच्यात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी आढळल्या. मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, तेव्हा त्यांच्या सरावात तर तो गाळूच नये.

वयाचं भान मात्र हवंच. मुली साधारण बाराव्या वर्षी आणि मुलगे चौदाव्या वर्षाच्या आसपास झपाट्यानं उंच होतात. त्या काळात कालपर्यंत हरणासारखं पळणारं मूल अडखळायला लागतं, गुडघ्याखालचं हाड किंवा टाच दुखते म्हणतं. ते आळशी झालेलं नसतं, हाडं पुढे गेलेली असतात आणि स्नायू मागून येत असतात. अशा वेळी धावा कमी कराव्यात, दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवावं, आणि त्याला संघातून काढू नये. उंची स्थिरावली की वेग परत येतो, बहुधा वाढून येतो.

पुण्या-मुंबईत आता जाळी लावलेले टर्फ झालेत आणि तासावर पैसे भरून मुलं तिथेच वाढतायत. तिथला खेळ चांगला आहे, पण पंचवीस-तीस मीटरच्या त्या पिंजऱ्यात लांब धाव कधीच येत नाही. दुसऱ्या टोकाला खेड्यापाड्यांत, शाळांत मोकळं मैदान आहे आणि तिथे ‘पळणं’ म्हणजे उशीर झाल्याबद्दल पाच राउंड. शिक्षा म्हणून पळवलेलं मूल पळण्याचा राग करायला शिकतं, आणि संथ राउंड मारून वेग वाढत नाही. या दोन्हींत मुलाचा तोटा सारखाच आहे.

यासाठी पैसा लागत नाही. जीपीएसची जॅकेटं नसली तरी चालतं, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि चाळीस पावलांची मोजलेली जागा पुरते. प्रशिक्षकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की छोटे गेम ठेवा, पण आठवड्यातून दोनदा चौकोन लांब करा, बॅकच्या पाठीमागे जागा सोडा आणि मुलांना पुरता दम खाऊ द्या. राउंडची शिक्षा आजपासून बंद करा. आणि पालकांनो, टर्फचे पैसे भरताना आठवड्यातली एक सकाळ मोठ्या मैदानासाठीही राखून ठेवा.