खाणकामाची शाखा घ्यावी का?

माझी धाकटी बहीण यंदा बारावी विज्ञानाला आहे. तिला खाण अभियांत्रिकी शिकायची आहे. वडील दुधनीच्या बाजारात हमाली करतात. घरातून महाविद्यालयात आलेला मीच पहिला, तेव्हा "तू शिकलास, तूच सांग" म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. मी पडलो कला शाखेचा, विषय भूगोल. म्हणून भूगोलापासूनच सुरुवात केली.

आपल्या भागात कोळसा का नाही? जिल्हाभर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण पसरला आहे. आगगाडीने कलबुर्गी ओलांडून शहाबादला गेले की चुनखडक लागतो. आपल्या घरांतली फरशी तिथलीच. कोळसा मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर, वणी, उमरेडकडे, मँगनीज भंडाऱ्यात. ही शाखा घेणाऱ्याने घराजवळच्या नोकरीची आशा आधीच सोडावी.

खाण अभियंता म्हणजे खोदणारा, असा आमच्या घरी समज होता. भूमिगत खाणीत त्याचे मुख्य काम छत कोसळू न देणे, आत खेळती हवा पोहोचवणे, मिथेन वायूवर लक्ष ठेवणे आणि पाणी उपसणे हे असते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत साठलेले पाणी फुटून आत घुसले आणि ३७० हून अधिक कामगार दगावले. तिथे नकाशातली चूक लाल शाईने सुधारता येत नाही.

मुलीने जमिनीखाली उतरावे का, हा घरचा खरा प्रश्न. १९५२ च्या खाण कायद्याने त्याला मनाईच होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या कामांसाठी, सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेत, स्त्रीच्या लेखी संमतीने मुभा दिली. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी झारखंडमधील चुरी या भूमिगत खाणीत अभियंता म्हणून रुजू झाल्या. आजीने एवढेच विचारले, "रात्रपाळी असते का?" शाळा न पाहिलेल्या आजीने नेमके नियमातलेच कलम विचारले!

नागपूरच्या व्हीएनआयटीत ही शाखा आहे. संगणकापेक्षा तिला कमी गुणांवर प्रवेश मिळतो, म्हणून काही जण केवळ संस्थेच्या नावासाठी ती घेतात आणि पुढे दुसरीकडे वळतात. मला हे पटत नाही. पदवीनंतरही खाण व्यवस्थापक होण्यासाठी प्रत्यक्ष अनुभव आणि सक्षमतेची वेगळी परीक्षा लागतेच. मन नसलेल्याने तिथवर जायचे कसे?

मी बहिणीला होकार दिला, पण एक अट घालून. पर्याय भरण्याआधी मे महिन्यात चंद्रपूरला जाऊन यायचे, म्हणजे तिथले ऊनही कळेल. वडिलांनी दोघांच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढले आहेत.