ट्रॉलीच्या मागचा तांबडा दिवा

पुण्यात कोथरूडला मुलाबाळांकडे ज्यांचे जाणे-येणे असते त्यांना पौड रस्ता ठाऊक आहेच. तेथून वर वेताळ टेकडी दिसते. त्या टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ए.आर.ए.आय., ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. वाहने व त्यांचे भाग यांची सरकारमान्य तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी ही एक. इंजिन, धूर, ब्रेक यांबरोबर दिव्यांचीही तपासणी तेथे होते. अंधाऱ्या खोलीत दिवा फिरत्या मांडणीवर बसवतात आणि समोर, बाजूला, वर, खाली किती उजेड पडतो ते यंत्राने मोजून घेतात.

असा कसोटीला उतरलेला दिवा आपण ट्रॉलीला लावतो आणि तो पंधरा दिवसांत बंद पडतो. चालकाला विचारावे तर उत्तर ठरलेले, "काल तर चालू होता की!" बहुतेक वेळा ते खरेही असते. दिवा चांगला असतो, बिघडते ते वायरिंग.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला एवढे अंतर तोडायला नऊ सेकंद लागतात. दिवा नसेल तर त्याला ट्रॉली दिसते ती स्वतःच्या हेडलाइटच्या उजेडात, समजा तीस-चाळीस मीटरवर. म्हणजे हातात दोन-अडीच सेकंद. आणि तो मोटारसायकलवाला बहुधा आपल्याच पंचक्रोशीतला असतो, डेअरीला दूध घालून घरी निघालेला.

आता बिघाड कोठे होतो ते पाहू. पहिला चोर म्हणजे अर्थ. पुष्कळ ठिकाणी ट्रॉलीला अर्थची वेगळी तार नसतेच, करंट हुक आणि पिनेतून परत जाईल असे धरून चालतात. पण हुकाला ग्रीस, माती आणि गंज. ट्रॉली हलली की जोड तुटतो, पुन्हा लागतो. याची खूण सोपी आहे. इंडिकेटर लावला आणि त्याच्याबरोबर मागचे तांबडे दिवेही मिणमिणू लागले, तर अर्थ गेला असे समजावे. करंटला परतीची वाट सापडत नाही म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. अशा वेळी बल्ब बदलत बसणे म्हणजे म्हशीचे दुखणे आणि पखालीला इंजेक्शन! ट्रॅक्टरच्या सॉकेटपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थची स्वतंत्र तार ओढावी. जेथे ती चासीला लावायची तेथला रंग खरवडून, लग दाबून, बोल्टने आवळावी.

दुसरी गोष्ट तारेच्या जाडीची. स्टॉप लाइटचा बल्ब २१ वॅटचा असतो. दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट, १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. दोन ट्रॉल्या जोडल्या की मागच्या ट्रॉलीच्या शेपटापर्यंत सहज बारा मीटर तार लागते. ती अर्धा चौरस मिलीमीटरची, घरच्या घंटीला लावतात तशी असेल, तर वाटेतच जवळजवळ दीड व्होल्ट खर्ची पडतो. दीड व्होल्ट किरकोळ वाटेल, पण बल्बचा उजेड त्याने सुमारे एक तृतीयांश कमी होतो. तीच तार दीड चौरस मिलीमीटरची घेतली तर नुकसान अर्ध्या व्होल्टवर येते. एल.ई.डी. दिवे करंट कमी घेतात, त्यांना हा त्रास कमी. मात्र जुन्या फ्लॅशरवर एल.ई.डी. इंडिकेटर भराभर उघडझाप करतो, तेव्हा फ्लॅशरही बदलून घ्यावा.

जोडणीसाठी सात पिनांचे सॉकेट वापरावे. तारा पिळून वर टेप गुंडाळणे हा उद्योग बंद करावा. १२ व्होल्टच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, पांढरी अर्थची, तांबडी स्टॉप लाइटची, काळी डाव्या पार्किंगची आणि तपकिरी उजव्या पार्किंगची. सातवी निळी, धुक्याच्या दिव्याची. आपले मिस्त्री हाताला येईल तो रंग लावतात, म्हणून एकाची ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडली की डावीकडे वळताना उजवा दिवा लागतो. आपल्या वाहनधारकांनी मिळून एकच पद्धत ठरवली तर हा घोळ मिटेल.

एवढे सगळे करून शेवटी उसाची वाढी दिव्यावर लोंबतात ती लोंबतातच. त्याला वायरिंगचा इलाज नाही. दिवे एका फळीवर बसवून, लांब तार ठेवून, ती फळी भरणी झाल्यावर मोळ्यांच्या बाहेर मागे टांगावी. फडात ट्रॉली भरताना काढून ठेवता येते, त्यामुळे दिवे फुटतही नाहीत.

टायर पंक्चर होऊन ट्रॉली रात्री रस्त्याकडेला सोडून द्यावी लागते, ट्रॅक्टर गावात जातो. तेव्हा कसलेच वायरिंग कामाला येत नाही. तेथे रिफ्लेक्टर पाहिजेच. त्याच्या आत बारीक कोपरे असतात आणि ज्या दिशेने उजेड येतो त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. तांबडी पट्टी मागे, पिवळी बाजूला, पांढरी पुढे. पट्टी ए.आय.एस. ०९० या मानकाची मागून घ्यावी, नुसता चकचकीत तांबडा कागद नको. चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा, म्हणून काट्यावर नंबर लागेपर्यंत एक ओले फडके फिरवावे. बैलगाडीलाही पट्टी लावावी, तिच्याकडे तर दुसरा दिवाच नाही.

तपासणी दोघांनी करावी. एकाने सीटवर बसावे, दुसऱ्याने मागे उभे राहावे. आधी पार्किंग, मग त्याच्या जोडीला ब्रेक, मग ब्रेक दाबलेला ठेवून डावा आणि उजवा इंडिकेटर. सगळे एकदम चालू असताना कोणताही दिवा मंद झाला, तर पांढरी तार आधी पाहावी.