मेंदूच्या लहरींवर चालणारे खेळ आणि स्वमग्न मुले

आपल्या रुग्णालयाच्या बालविकास विभागात येणारे पालक अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात : मेंदूच्या लहरींनी चालणारे संगणकीय खेळ आमच्या स्वमग्न मुलाला उपयोगी पडतील का? एका हितचिंतकांनी असे यंत्र देणगीदाखल देण्याची तयारीही दर्शविली. त्या निमित्ताने आमची भूमिका येथे मांडत आहोत.

मेंदूतील पेशींचे काम सूक्ष्म विद्युतसंकेतांनी चालते. मानवी मेंदूच्या लहरींचा आलेख जर्मन वैद्य हान्स बर्गर यांनी १९२९ साली प्रथम प्रसिद्ध केला. आकडीच्या रुग्णांचा ‘ईईजी’ काढतात, तो हाच. या खेळात मुलाच्या डोक्यावर संवेदक बसविलेली टोपी घालतात. अपेक्षित लहर साधली की पडद्यावरील मोटार पुढे धावते. लहर ढळली की थांबते. मेंदूत बाहेरून वीज सोडली जात नाही. मोटार पुढे जाण्याच्या आनंदातून मूल ती अवस्था टिकविण्यास शिकेल, अशी यामागील कल्पना आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २००८ साली स्वमग्न मुलांत या पद्धतीने आशादायक बदल नोंदविले. परंतु नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत स्वमग्नतेच्या लक्षणांत लक्षणीय फरक आढळला नाही. अवधान-अस्थिरता असलेल्या १४४ मुलांवरील अमेरिकेतील अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात खरा आणि लुटुपुटीचा असे दोन्ही प्रकारचे खेळ खेळणारी मुले जवळजवळ सारखीच सुधारली. म्हणजे नियमित सराव, प्रोत्साहन व मोठ्यांचा सहवास यांचा वाटाही मोठा असावा.

शिवाय अनेक स्वमग्न मुलांना डोक्याला झालेला स्पर्श सहन होत नाही. पापण्यांची उघडझाप आणि मानेची हालचाल यांनीही आलेख बिघडतो.

म्हणून हा खेळ पूरक साधन ठरू शकेल. तो उपचाराची जागा घेऊ शकत नाही, असे आमचे प्रांजळ मत आहे. त्यासाठी कोणत्याही पालकांनी कर्ज काढू नये अथवा वाचा-उपचार व व्यवसायोपचार थांबवू नयेत. घरी मुलाच्या आवडीच्या खेळात रोज त्याच्यासोबत बसणे, ही बिनखर्चाची आणि मोलाची मदत आहे.

उपरोक्त देणगी यंत्राऐवजी गरजू मुलांच्या उपचार-शुल्कासाठी द्यावी, अशी विनंती आम्ही त्या हितचिंतकांना केली आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली.