कंपाउंड

इंग्रजीतील एक अनेकार्थी शब्द. वस्तुतः एकाच वर्णयोजनेखाली येथे दोन भिन्न कुळांचे शब्द एकत्र आले आहेत. पहिला लॅटिन ‘कॉम्पोनेरे’ (एकत्र ठेवणे) या क्रियापदापासून जुन्या फ्रेंचमार्गे आला. त्याच्या अखेरचा ‘ड’ इंग्रजीत मागाहून चिकटला. रसायनशास्त्रातील संयुग, चक्रवाढ व्याज, कीटकांचे संयुक्त नेत्र आणि दवाखान्यात औषधे मिसळून देणारा ‘कंपाउंडर’ हे सर्व याच कुळातील होत. कायद्याच्या परिभाषेत तो ‘तडजोडीने मिटविणे’ या अर्थी येतो. असे तडजोडयोग्य अपराध भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३५९ मध्ये दिले आहेत. सामान्य इंग्रजीत मात्र ‘अपराधात भर घालणे’ असा जवळजवळ उलट अर्थ रूढ झाला असून त्यामुळे भाषांतरात घोटाळा संभवतो.

आवार या अर्थाचा दुसरा शब्द मलाय ‘काम्पुंग’ (वस्ती, वाडी) यावरून पोर्तुगीज वा डच भाषेद्वारे आला असावा. यूल व बर्नेल यांच्या हॉब्सन-जॉब्सन (१८८६) या कोशात त्याची विस्तृत चर्चा आढळते. मराठीत आवाराभोवतीच्या भिंतीलाही ‘कंपाउंड’च म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत या निरुपद्रवी शब्दाला कठोर अर्थ प्राप्त झाला. किंबर्ली येथील हिऱ्यांच्या खाणींवर १८८५ पासून आफ्रिकी मजुरांना कराराची मुदत संपेपर्यंत बंदिस्त ‘कंपाउंडां’त ठेवीत. हिऱ्यांची चोरी रोखणे हे त्याचे कारण सांगितले जाई. मजुरांवर पूर्ण ताबा मिळविणे हाही त्यामागील हेतू होता.