लघवीची सुट्टी

माझ्या सासूबाईंना जून 2019 मध्ये पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. जानेवारी 2024 मध्ये त्या गेल्या. मधली साडेचार वर्षं त्या पुण्यात आमच्याजवळच होत्या. परवा कपाट आवरताना त्या काळातली दोनशे पानी वही हाती लागली. तिच्यात औषधांपेक्षा लघवीच्या वेळाच जास्त आहेत. घरोघरी हे चालू असतं आणि कुणी बोलत नाही, म्हणून लिहायला बसले.

पहिले सहा महिने हा आमच्या लेखी धुण्याचा प्रश्न होता. गादीवर मेणकापड, त्यावर जुन्या लुगड्यांची दुपटी, दिवसाला चार-पाच चादरी, आणि बाहेर पाऊस. एका पहाटे चादर बदलायला गेले, तर उशाशी ठेवलेला तांब्या गादीवर आडवा. ‘पाणी सांडलं गं,’ आई भिंतीकडे बघत म्हणाल्या. चार दिवसांत तिसऱ्यांदा तांब्या सांडला तेव्हा माझ्या लक्षात आलं. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली ही बाई ओली चादर लपवायला धड हातानं तांब्या कलंडवत होती. मी काही बोलले नाही. काय बोलावं ते मला सुचलंच नाही.

मग आम्ही त्यांचं पाणी तोडलं. प्यायलाच कमी दिलं की गळणंही कमी होईल, असा हिशेब. झालं उलटं. लघवी गडद झाली, उग्र वास येऊ लागला, पोट साफ होईना. एका दुपारी आईंनी मला आपल्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली. ताप नव्हता. वय झालं म्हणत आम्ही दोन दिवस घालवले. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. डॉक्टरांनी समजावलं, की घट्ट लघवी मूत्राशयाला टोचते, कोठ्यात साठलेला मळ त्यावर दाब देतो, त्यामुळे गळणं वाढतंच. म्हाताऱ्या माणसाला अचानक भ्रम झाला, तर त्यामागे असा संसर्गही असू शकतो. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. कामाच्या मावशी बंद झाल्या आणि आम्ही रात्रंदिवस डायपरवर आलो. महिन्याभरात जांघेत लाल चट्टे उठले. मी पावडर थापली. ओलीत तिचे गोळे झाले आणि कातडी आणखीच सोलली. साध्या पाण्यानं धुवायचं, न घासता टिपून कोरडं करायचं, झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर लावायचा, एवढंच लागत होतं.

डॉक्टरांनी तीन दिवसांची नोंद मागितली, तेव्हा ही वही सुरू झाली. किती प्यायल्या, कधी गेल्या, कधी ओलं झालं. नोंदीतून दोन गोष्टी उघड झाल्या. चहानंतर पाऊण तासात हमखास गळायचं. आणि रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी आम्ही रात्रीच्या जेवणानंतर देत होतो. डॉक्टरांनी ती सकाळवर आणली. दिवसभर पुरेसं पाणी, झोपण्याआधी दोन तास बंद, आणि जाग असताना दर दोन तासांनी कमोडच्या खुर्चीवर. पण ‘लागली का?’ विचारलं की आई ‘नाही’ म्हणायच्या. एकदा माझ्या लेकीनं देवघरातली घंटा वाजवली, ‘आजी, लघवीची सुट्टी!’ आईंनी हसून हात पुढे केला. त्या दिवसापासून आमच्या घरी दर दोन तासांनी घंटा होऊ लागली.

दोन-अडीच महिन्यांत दिवस बराचसा कोरडा जाऊ लागला. डायपर फक्त रात्री. गादीवर मेणकापड-चादर, त्यावर पुन्हा मेणकापड-चादर असे दोन थर आम्ही घालायचो. रात्री ओलं झालं की त्यांना कुशीवर वळवून वरचा थर ओढायचा, खालचं अंथरूण तयारच. दिवाही न लावता दोघींना परत झोप लागायची.

वापरलेले डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून द्यायला मी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या मोहिमेमुळे शिकले. कचरा हातानं वेगळा करणाऱ्या ताईचा हात त्यात पडू नये, म्हणून ती खूण. तेव्हा डायपरवर 12 टक्के जीएसटी भरत होतो. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला. ज्या घरात महिन्याचा किराणा आणि डायपर एकाच पाकिटातून येतात, तिथे हा फरक कळतो.

वहीत मार्च 2021 पासूनचं अक्षर माझं नाही. वही आईंनीच मागून घेतली होती. हजेरीपटासारखे उभे रकाने, डाव्या हातानं काढलेली वाकडी अक्षरं. कोरडं असेल तिथे ‘को’, ओलं असेल तिथे ‘ओ’. ‘ओ’ बरेच आहेत. एकही खोडलेला नाही. तांब्या मात्र त्यानंतर कधी सांडला नाही.