अर्धा व्होल्ट ते साडेचार व्होल्ट

चाळीसगाव मागे टाकून कन्नडचा घाट चढायला लागलं की पेट्रोल गाडीचं खरं दुखणं बाहेर येतं. सपाटीवर मुकाट्याने पळणारी गाडी इथे दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडखळते आणि मग झटका देऊन पुढे उसळते. गॅरेजमध्ये तक्रार जाते ती तीन शब्दांत : ‘पिकअप घेत नाही.’ मग प्लग बदलले जातात, फिल्टर बदलला जातो, पंपावरच्या पेट्रोलवर संशय जातो. दुखणं मात्र कधी कधी थ्रॉटल बॉडीच्या कडेला दोन स्क्रूंवर बसवलेल्या छोट्या काळ्या डबीत असतं. ती डबी म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर.

इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडली आहे, हे तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो. झडप एकदम उघडली की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. चालत्या गाडीत पाय काढला की पेट्रोल तोडतो. काही गाड्यांत पाय पूर्ण दाबला की थोडा वेळ एसीही बंद ठेवतो, म्हणजे सगळी ताकद चाकांना मिळावी. यातलं बरंचसं सेन्सरकडून येणाऱ्या व्होल्टेजवर ठरतं.

जुन्या पद्धतीच्या सेन्सरची आतली रचना रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी असते. कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा पत्रा. तारा तीन : एकीवर कॉम्प्युटरने दिलेले ५ व्होल्ट, दुसरी अर्थ, तिसरी सिग्नलची. झडप बंद असताना सिग्नल बहुतेक गाड्यांत ०.५ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान असतो, पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.७ पर्यंत चढतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघावा.

पट्टी सगळीकडे सारखी झिजत नाही. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावला येणारा रस्ता आठवा. सरळ, सपाट. पाय तासभर एकाच जागी, झडप थोडीशीच उघडी. पत्रा रोज त्याच चिंचोळ्या भागावर थरथरत राहतो आणि कार्बन तिथेच उडतो. म्हणून स्लोला सिग्नल बरोबर, फुल्ल रेसला बरोबर, आणि मधेच एका जागी खड्डा. दोन टोकांचे आकडे घेऊन ‘सेन्सर ओके’ म्हणणारा मिस्त्री इथेच फसतो.

तपासणी अशी करावी. चावी ऑन, इंजिन बंद. कपलर काढू नये. त्याच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून सिग्नलच्या तारेपर्यंत पोचावं, तारेला भोक पाडू नये. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला. आता झडप हाताने अगदी सावकाश उघडत न्यावी. या कामाला काट्याचा जुना मीटर उत्तम. काटा एका लयीत चढत गेला पाहिजे. मध्येच तो खाली आपटून पुन्हा वर आला, तर झिजलेली जागा सापडली. आकड्यांच्या स्वस्त मीटरवर ती पटकन निसटते.

त्याआधी तारा तपासायला विसरू नये. स्कॅनरवर पी ०१२२ आला म्हणजे सेन्सर गेला असं नाही. त्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी आहे, एवढंच तो कोड सांगतो. ५ व्होल्टची तार तुटली तरी तोच कोड येतो. उलट अर्थ तुटला, तर सिग्नल ५ व्होल्टकडे चढतो, पी ०१२३ लागतो आणि कॉम्प्युटरला वाटतं, पाय पूर्ण दाबलेला आहे! खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, बॉनेटखाली तर विचारायला नको. कपलरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, काळ्या मातीची धूळ आत शिरते, शेतावर उभ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात. कोड बघून थेट नवा सेन्सर लावणं मला गिऱ्हाइकाच्या पैशांची नासाडी वाटते.

ॲडजस्टमेंट प्रत्येक सेन्सरला नसते. स्क्रूची भोकं लांबट असतील, तरच तो फिरतो. स्क्रू सैल करायचे, झडप पूर्ण बंद ठेवून सेन्सर किंचित फिरवत मॅन्युअलमधल्या व्होल्टेजवर आणायचा आणि आवळायचा. आवळताना तो हमखास सरकतो, त्यामुळे पुन्हा मोजायचं. स्लो जमत नाही म्हणून झडपेचा सील केलेला स्टॉप स्क्रू फिरवणाऱ्यांनी अनेक चांगल्या गाड्या बिघडवल्या आहेत. थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला असेल तर आधी तो साफ करावा.

नव्या मोटारींत केबल नाही. पेडलमध्ये दोन सेन्सर, थ्रॉटल बॉडीत दोन, आणि दोघांचं जुळलं नाही तर कॉम्प्युटर ताकद कमी करून गाडी जेमतेम गॅरेजपर्यंत नेऊ देतो. अशा झडपेत चावी ऑन असताना बोट घालू नये; मोटर झडप जोरात मिटवते. केळी वाहणाऱ्या नव्या डिझेल पिकअपमध्येही चालकाच्या पायाची खबर पेडलचा सेन्सरच देतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि हा सेन्सर मोटारसायकलींत, स्कूटरांतही सर्रास दिसू लागला. यावल, रावेर, शिरपूरच्या ज्या गॅरेजात काल कार्ब्युरेटरचा जेट फुंकून गाडी चालू व्हायची, तिथे आज मीटर लागतो. अनेक दुचाक्यांत हा सेन्सर सुटा मिळत नाही. तो गेला तर अख्खी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते. तेव्हा पार्ट मागवायच्या आधी मिस्त्रीला तीन आकडे विचारा : ५ व्होल्टच्या तारेवर किती आले, झडप बंद असताना सिग्नल किती आणि पूर्ण उघडल्यावर किती. आणि काटा मध्ये कुठे पडला का, तेही.