माफियाची जमीन, गावाची शेती

वाळूमाफिया, भूमाफिया, टँकरमाफिया हे शब्द आपल्या बोलण्यात इतके रुळले आहेत, की 'माफिया' हा मूळचा इटलीतील सिसिली बेटावरचा शब्द आहे, याचा आपल्याला विसर पडतो. खंडणी, अमली पदार्थ आणि सरकारी बांधकामांची कंत्राटे ही तिथल्या माफियाच्या कमाईची साधने.

नवल असे, की १९८२ पर्यंत इटलीत माफियाचा सदस्य असणे हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. साक्षीदार भीतीने तोंड उघडत नसत. या मौनाला तिथे 'ओमेर्ता' म्हणतात. परिणामी आरोपी पुराव्याअभावी सुटत.

सिसिलीतील कम्युनिस्ट खासदार पिओ ला तोर्रे यांनी ओळखले, की माफियाची खरी ताकद पिस्तुलात नसून पैशात आहे. सदस्यत्व हाच गुन्हा ठरवावा आणि ज्या मालमत्तेचा कायदेशीर उगम दाखवता येत नाही ती जप्त करावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. ३० एप्रिल १९८२ रोजी पालेर्मो शहरात त्यांची हत्या झाली. ३ सप्टेंबरला पालेर्मोचे प्रीफेक्ट जनरल दाल्ला किएझा मारले गेले. देश हादरला आणि दहाच दिवसांत तो कायदा संमत झाला.

त्याच्या बळावर जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लिनो या न्यायाधीशांनी बँकांमधील पैशांचा माग काढला. १९८६ मध्ये पालेर्मोत ४७५ आरोपींवर खटला सुरू झाला आणि तीनशेहून अधिक जण दोषी ठरले. जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यावर शिक्कामोर्तब केले. माफियाने सूड उगवला. त्याच वर्षी मे महिन्यात फाल्कोने आणि जुलैमध्ये बोर्सेल्लिनो बाँबस्फोटांत बळी पडले.

पण जप्त केलेल्या मालमत्तेचे करायचे काय? 'लीबेरा' या संघटनेने दहा लाख सह्या गोळा केल्या. १९९६ च्या कायद्याने ही घरे आणि शेते समाजाच्या कामासाठी देण्याची वाट मोकळी झाली. २००१ मध्ये पालेर्मोजवळच्या सान ज्युझेप्पे यातो गावात एक सहकारी संस्था अशा जमिनी कसू लागली. तिला नाव दिले प्लाचिदो रिझ्झोत्तो यांचे. कोर्लेओने गावचे हे कामगार पुढारी भूमिहीनांसाठी लढले, म्हणून १९४८ मध्ये माफियाने त्यांना मारले होते. त्यांच्या अवशेषांची ओळख पटून सरकारी इतमामात अंत्यसंस्कार व्हायला मात्र २०१२ साल उजाडले.

ही वाट सोपी नाही. अशा जमिनींवरची पिके जाळली गेली. जप्तीनंतरची कारवाई वर्षानुवर्षे रेंगाळते आणि तोवर घरे मोडकळीस येतात. तरीही या मार्गाचे मोल मोठे आहे. तुरुंगात गेलेल्या म्होरक्याचा दरारा गावात टिकून राहू शकतो. त्याच्याच शेतात गावची मुले उघडपणे गहू पेरू लागतात, तेव्हा त्या दरार्‍याला तडा जातो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)